लाल, पिवळा, हिरवा : प्रयोगशाळेतील जोखमीच्या तक्त्याचा उपयोग किती आणि भरवसा किती?



उसाची मोळी गव्हाणीत पडली की आपले लक्ष वजनकाट्याकडे असते. काट्यावरचा आकडा डोळ्यांना दिसतो, पावतीवर येतो. पण उसाच्या दराशी बांधलेला दुसरा आकडा काट्यावर ठरत नाही, तो प्रयोगशाळेत ठरतो. रसात साखर किती, बगॅसमध्ये किती वाया गेली, मळीतून किती निघून गेली, यांचा हिशेब तिथल्या बाटल्यांत आणि नळ्यांत होतो, आणि त्यावरून साखर उतारा निघतो. एफ.आर.पी.चे गणित याच उताऱ्यावर बसते. म्हणजे प्रयोगशाळा ही एका अर्थाने आपली दुसरी काटाघरच आहे.

या खोलीत हंगामभर तीन पाळ्यांत माणसे राबतात. चीफ केमिस्ट, लॅब केमिस्ट आणि नमुने गोळा करणारी, भांडी धुणारी लॅब बॉय मंडळी. यांतली पुष्कळशी आपल्याच गावांतली, आपल्याच घरांतली पोरे असतात. म्हणून तिथल्या सुरक्षिततेचा विषय हा केवळ साहेबलोकांचा विषय नाही, तो सभासदांचाही आहे.

अलीकडे बऱ्याच कारखान्यांच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक रंगीत कागद लावलेला दिसतो. आडव्या पाच, उभ्या पाच अशा पंचवीस चौकटी. काही हिरव्या, काही पिवळ्या, काही लाल. याला रिस्क मॅट्रिक्स म्हणतात, आपण जोखमीचा तक्ता म्हणू. हा कागद कामाचा आहे की नुसता तपासणीच्या दिवसापुरता, आणि कामाचा असला तरी त्यावर विसंबावे किती, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

तक्ता बनतो कसा?

कल्पना अगदी साधी आहे. कोणत्याही धोक्याबद्दल दोन प्रश्न विचारायचे. एक, हे घडण्याची शक्यता किती? दोन, घडलेच तर नुकसान किती? दोन्हींना एक ते पाच गुण द्यायचे. क्वचितच घडणारे म्हणजे एक, रोज-आठवड्याला घडणारे म्हणजे पाच. किरकोळ खरचटणे म्हणजे एक, माणूस दगावणे म्हणजे पाच. मग दोन्ही आकड्यांचा गुणाकार. चार-पाचपर्यंत हिरवा, मधला पिवळा, पंधरा-वीसच्या पुढे लाल. लाल म्हणजे काम थांबवा आणि आधी बंदोबस्त करा.

आपण शेतकरी हे गणित कागदाशिवाय रोजच करतो. रात्रीची लाईट आली, मोटार चालू करायला जायचे आहे. पेटी ओली आहे, वायर उघडी आहे, वाटेत पाचटात घोणस असू शकते. मनातल्या मनात आपण ठरवतोच की बॅटरी घ्यायची, पायात बूट घालायचे, कोरड्या काठीने स्वीच दाबायचा. तक्ता हेच करतो, फक्त एकाच्या डोक्यात असलेले चारचौघांपुढे कागदावर आणतो.

आता साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत धोके कोणते ते पाहू. पाण्यात साखरेचा अंश उतरला आहे का हे पाहण्यासाठी अल्फा-नॅप्थॉलची परीक्षा करतात, तिला तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड लागते. ते अंगावर उडाले तर कातडी जळते, डोळ्यात गेले तर डोळा जातो. रिड्युसिंग शुगर काढताना फेहलिंगचे द्रावण उकळते ठेवावे लागते, त्यात कॉस्टिक असते. राख काढायची भट्टी काही शे अंशांवर तापलेली असते. काचेची भांडी फुटतात, हात कापतो. जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर पारा फरशीच्या फटीत जाऊन बसतो. आणि रस स्वच्छ करण्यासाठी पूर्वापार वापरात असलेली शिशाची पांढरी पूड, म्हणजे लेड सबअ‍ॅसिटेट. तिच्याविषयी पुढे स्वतंत्र बोलू, कारण खरी मेख तिथेच आहे.

तक्त्याचा उपयोग

आधी याचे गुण सांगतो, कारण गुण आहेत.

पहिला गुण असा की, तक्ता भरायचा म्हटला की बसून यादी करावी लागते. यादी करताना अशा गोष्टी निघतात ज्या सगळ्यांना माहीत असतात पण कोणी बोलत नाही. अ‍ॅसिडची बाटली वरच्या फळीवर आहे आणि लॅब बॉय स्टुलावर चढून ती काढतो. कोणीतरी अजून पिपेट तोंडाने ओढतो. डोळे धुवायचा नळ आहे, पण त्याच्यापुढे रिकामे कॅन रचून ठेवले आहेत. यादीत हे आले की निम्मे काम झाले.

दुसरा गुण, पैसा थोडा आणि कामे फार अशी स्थिती असते तेव्हा अगोदर काय करायचे याला क्रम मिळतो. हंगाम उद्यावर आला असताना भट्टीला नवा दरवाजा करायचा की धूर ओढणारा पंखा बसवायचा, यावर नुसता वाद घालण्यापेक्षा समोर गुण मांडून ठरवलेले बरे.

तिसरा गुण, केमिस्ट आणि लॅब बॉय यांच्यात बोलायला एक समान भाषा तयार होते. “साहेब, हे लालमध्ये येतं” असे म्हणायला पोराला धीर येतो. ही गोष्ट लहान नाही.

अमेरिकेत 2010 च्या जानेवारीत टेक्सास टेक विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्फोट होऊन एका विद्यार्थ्याची तीन बोटे गेली. स्फोटक पदार्थ एका वेळी 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त करायचा नाही असे तिथे ठरले होते. प्रत्यक्षात सुमारे 10 ग्रॅम केला गेला, म्हणजे शंभर पट. तिथल्या सरकारी चौकशी मंडळाने 2011 साली अहवाल दिला, त्यात एक महत्त्वाची गोष्ट नोंदली की प्रयोगशाळेत धोक्याचे मोजमाप करण्याची पद्धतशीर रीत नव्हती आणि त्याआधी घडलेल्या घटनांपासून धडा घेतला गेला नव्हता. त्यानंतर अमेरिकन केमिकल सोसायटीने प्रयोगशाळांतील धोके ओळखण्यासाठी मार्गदर्शिका तयार केली. तेव्हा तक्ता हे फॅड नाही, अनुभवातून आलेली गोष्ट आहे.

पण भरवसा किती?

आता दुसरी बाजू.

पहिली अडचण गुणाकाराचीच. आपल्या बेगडेवाडी स्टेशनचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात स्टेशनच्या वाटेवर चिखलात पाय घसरणे, ही शक्यता पाच आणि नुकसान एक. गुणाकार पाच. घाईत लोकल पकडण्यासाठी रुळावरून पलीकडे जाताना न थांबणाऱ्या एक्सप्रेसखाली सापडणे, ही शक्यता एक आणि नुकसान पाच. गुणाकार पुन्हा पाच. तक्त्यात दोन्ही हिरव्या चौकटीत. आता सांगा, आई पोराला सकाळी निघताना काय बजावते? “चिखलात जपून जा” की “रूळ ओलांडू नकोस”? आईला जे कळते ते गुणाकाराला कळत नाही. कपडे धुता येतात, माणूस परत आणता येत नाही.

दुसरी अडचण चौकटीच्या कडांची. समजा आपण असे ठरवले की वर्षाला एकदा ते दहा वर्षांतून एकदा घडणाऱ्या गोष्टीला शक्यतेचे तीन गुण, आणि दहा ते शंभर वर्षांतून एकदा घडणाऱ्या गोष्टीला दोन गुण. नुकसान एक लाख ते दहा लाख असेल तर तीन गुण. आता एक धोका नऊ वर्षांतून एकदा घडतो, दर वेळी 1 लाख 10 हजारांचे नुकसान करतो. त्याचे गुण तीन गुणिले तीन, नऊ. दुसरा अकरा वर्षांतून एकदा घडतो, पण 9 लाखांचे नुकसान करतो. त्याचे गुण दोन गुणिले तीन, सहा. तक्ता म्हणतो पहिला मोठा. वर्षाची सरासरी काढली तर पहिल्याचे नुकसान वर्षाला सुमारे 12 हजार 200 रुपये आणि दुसऱ्याचे सुमारे 81 हजार 800 रुपये. म्हणजे ज्याला तक्त्याने मागे टाकले तो साडेसहा पटींहून मोठा निघाला. टोनी कॉक्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 2008 साली हीच गोष्ट गणिताने मांडली आणि दाखवून दिले की काही परिस्थितीत असा तक्ता अंदाजपंचे निवड करण्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. क्वचित घडणारे पण फार मोठे नुकसान करणारे धोके आणि वारंवार घडणारे पण किरकोळ धोके एकत्र असतात, तिथे ही भीती जास्त. प्रयोगशाळेत नेमके तेच असते.

तिसरी अडचण, शक्यतेचे गुण आपण आठवणीवरून देतो. “इतकी वर्षं करतोय, काही झालं नाही” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणी त्यांना नवी नव्हती. पूर्वी काही झाले नाही एवढ्यावरून पुढेही होणार नाही असे धरता येत नाही, कारण औषध बदलते, पिकाची उंची बदलते, हवा बदलते.

साखरधंद्यातलेच उदाहरण हवे तर अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात इम्पिरियल शुगर या कारखान्यात 7 फेब्रुवारी 2008 रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन 14 माणसे मेली. होय, साखरेची धूळ. बारीक साखर हवेत दाट पसरली आणि ठिणगी मिळाली तर ती दारूसारखी पेटते. ही गोष्ट त्या धंद्यात कित्येक दशके माहीत होती. पण आधी मोठा अपघात झालेला नसल्याने कोणाला तातडी वाटली नाही. त्यात आदल्या वर्षी एका कन्व्हेयर पट्ट्याला स्वच्छतेसाठी पत्र्याचे आवरण घातले गेले. आवरणाच्या आत धूळ साचू लागली आणि धोक्याची शक्यता एकदम वाढली. आवरण बसले, पण धोक्याचा हिशेब नव्याने मांडला गेला नाही. तक्ता एकदा भरून फ्रेममध्ये लावला की त्याचे असेच होते. कारखाना पुढे जातो, कागद मागे राहतो.

चौथी अडचण कागदावरच्या बंदोबस्ताची. तक्त्यात दोन रकाने असतात, उपायापूर्वीचे गुण आणि उपायानंतरचे गुण. वीस गुण आले, पुढे “हातमोजे वापरणे” असे लिहिले, की गुण सहावर येतात. लाल चौकट पिवळी होते. पण हातमोजे कुठले? अमेरिकेत डार्टमाउथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान यांच्या हातमोज्यावर 1996 च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. हातमोजे घातलेले होते, काम धूर ओढणाऱ्या कपाटात चालले होते, नियम पाळलेले होते. ते रसायन त्या प्रकारच्या हातमोज्यातून सहज आरपार जाते हे नंतर कळले. 1997 च्या जूनमध्ये त्या वारल्या. आणि भोपाळ तर आपल्या देशातलेच. 1984 च्या डिसेंबरात त्या कारखान्यात वायू थंड ठेवणारी यंत्रणा होती, वायू जाळून टाकणारा मनोरा होता. कागदावर सगळे होते, त्या रात्री थंड करणारी यंत्रणा बंद होती आणि मनोरा जोडलेला नव्हता. भोपाळनंतर 1987 साली कारखाने कायद्यात धोकादायक कामांविषयी नवी कलमे आली. कायदा आला, पण नळाला पाणी येते का हे कायदा येऊन बघत नाही. ते आपणच बघावे लागते.

हळू मारणारे विष

आता शिशाच्या पुडीकडे येऊ.

उसाचा रस गढूळ असतो. साखर मोजण्याच्या पोलॅरिमीटरमधून उजेड आरपार जावा लागतो. म्हणून रसात लेड सबअ‍ॅसिटेटची पूड टाकतात. रंग आणि गाळ खाली बसतो, वर नितळ रस राहतो, तो गाळून नळीत भरतात. पद्धत जुनी, खात्रीची आणि स्वस्त आहे. जिथे ती अजून चालू आहे तिथे हंगामभर, पाळीपाळीला, नमुन्यामागून नमुना ही पूड उघडली जाते.

तक्ता भरायला बसलेल्या माणसाला विचारा, या पुडीचा अपघात कधी झाला? तो म्हणेल, कधीच नाही. आणि ते खरे आहे. अ‍ॅसिडाने भाजते ते लगेच दिसते, शिसे तसे दिसत नाही. ते बोटाला लागते, तसेच भाकरीला लागते. पूड झटकताना श्वासात जाते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि वर्षानुवर्षे जपून ठेवते. पुढे थकवा, पोटदुखी, रक्त कमी होणे, हातापायांत जोर नसणे असे काहीबाही सुरू होते आणि त्याचा संबंध हंगामातल्या कामाशी कोणी जोडत नाही. कपड्यांवरची पूड घरी येते तेव्हा लहान मुलांना सर्वांत जास्त त्रास होतो. शिशाची सुरक्षित अशी मात्राच माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय गाळलेले कागद आणि धुतलेले पाणी कुठे जाते हा प्रश्न वेगळाच. ते गटारात गेले तर पुढे ओढ्याला, आणि ओढ्यातून आपल्याच रानात.

तक्त्याची भाषा “घटना” या शब्दावर उभी आहे. जिथे घटना घडत नाही, रोज थोडे थोडे साठत जाते, तिथे हा तक्ता आंधळा होतो. असा धोका हिरव्या चौकटीत वर्षानुवर्षे सुखाने बसून राहतो.

यावर उपाय आहे, आणि तो तक्त्यात नाही. जवळच्या इन्फ्रारेड उजेडावर चालणारे पोलॅरिमीटर निघाले आहेत. त्यांना गडद रस चालतो, नुसता नीट गाळून घेतला की पुरते, शिशाची गरज राहत नाही. शिशाऐवजी वापरायच्या दुसऱ्या पुडीही आहेत. खर्च आहे हे मान्य. पण धोक्याला गुण देत बसण्यापेक्षा धोकाच खोलीबाहेर काढता येत असेल तर तो पहिला उपाय. हातमोजे आणि मास्क हा शेवटचा.

मग तक्ता फाडून टाकायचा काय?

मुळीच नाही. एका सभासदाने विचारले, “काय हो, इतक्या चुका असतील तर हा कागद कशाला लावायचा?” त्यांना उत्तर असे की, हवामानाचा अंदाजही चुकतो, म्हणून आपण ढग बघायचे सोडत नाही. तक्त्याला चर्चेची सुरुवात समजावे, निकाल समजू नये.

मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात 29 डिसेंबर 2009 रोजी रसायनशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 5 डिसेंबर 2018 रोजी प्रयोगशाळेत स्फोट होऊन एक संशोधक दगावला, तिघे जखमी झाले. या देशातल्या पहिल्या प्रतीच्या संस्था आहेत, शहाणी माणसे तिथे काम करतात. तिथे होऊ शकते तर कुठेही होऊ शकते, एवढाच याचा अर्थ. आणि आपल्या भागात 8 डिसेंबर 2023 रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाजी मेणबत्त्या करणाऱ्या कारखान्याला आग लागून अनेक कामगार महिलांचा बळी गेला, ते आपण विसरलेलो नाही.

म्हणून तक्ता वापरताना पुढील गोष्टी पाळाव्यात असे सुचवावेसे वाटते.

एक. जिथे माणूस मरू शकतो किंवा कायमचा अधू होऊ शकतो, तिथे गुणाकार करू नये. त्या धोक्यांची वेगळी यादी करावी आणि शक्यता कितीही कमी असली तरी तिचा बंदोबस्त आधी करावा.

दोन. हळू साठणाऱ्या धोक्यांची दुसरी वेगळी यादी करावी. शिसे, पारा, गंधकाचा धूर, आवाज. यांत “किती वेळा घडले” असे न विचारता “किती दिवस, किती तास माणूस तिथे असतो” असे विचारावे. शिशाचे काम करणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी हंगामाच्या आधी आणि शेवटी करावी.

तीन. तक्ता साहेबाने एकट्याने टेबलावर भरू नये. भांडी धुणारा, नमुना आणणारा, रात्रपाळीचा माणूस त्यात बसला पाहिजे. बाटली कुठे सरकते हे त्याला माहीत असते.

चार. “थोडक्यात वाचलो” अशी एक वही ठेवावी. बाटली हातातून निसटली पण फुटली नाही, ठिणगी उडाली पण पेटले नाही, हे सगळे त्यात लिहावे. लिहिणाऱ्याला बोल लावू नये, नाहीतर वही कोरीच राहील.

पाच. तक्त्यावर तारीख असावी. हंगाम सुरू होताना, नवे यंत्र किंवा नवे रसायन आले की, आणि माणसे बदलली की तो पुन्हा भरावा.

सहा. उपायाच्या रकान्यात जे लिहिले ते खरोखर आहे का, हे महिन्यातून एकदा हाताने पाहावे. डोळे धुवायचा नळ सोडून बघावा, पंखा चालू करून बघावा.

सभासदांचे काम

आपण म्हणाल, यात आमचा काय संबंध? संबंध आहे. वार्षिक सभेत आपण दराबद्दल विचारतो, साखरेच्या वाटपाबद्दल विचारतो, काट्याबद्दल तर हटकून विचारतो. त्याच सभेत एक प्रश्न प्रयोगशाळेबद्दलही विचारावा : शिशाची पूड अजून वापरतो का, आणि वापरत असलो तर कधी बंद करणार? विनाशिसे पद्धतीच्या यंत्राला खर्च येईल, तो मंजूर करणारे हात आपलेच आहेत. उताऱ्यात पॉइंटाचा फरक पडला तर आपण जागे होतो. तो आकडा काढणाऱ्या पोराच्या हाडांत काय साठते आहे, यासाठीही जागे व्हायला हरकत नाही.

रंगीत कागद भिंतीवर राहू द्या. तो वाचणारी माणसे आणि त्याच्यावर प्रश्न विचारणारे सभासद असले, म्हणजे त्याचा उपयोग होईल.